ऊद वाजवण्यासाठी रीशा: शिंग, पीस आणि बांबू यांची निवड आणि घडण

मराठी घरात ‘ऊद’ म्हटले की निखाऱ्यावर टाकलेल्या उदाचा धूर आठवतो, त्यामुळे मी ऊद वाजवतो असे सांगितले की समोरची व्यक्ती क्षणभर थबकते. हा गोंधळ अगदीच निराधार नाही, कारण अरबी भाषेत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, आणि सुगंधी लाकडालाही तिथे हेच नाव आहे. या लेखाचा विषय मात्र फुगीर पोटाचे, आखूड मानेचे, पडदे नसलेले ते तंतुवाद्य आहे, आणि त्यातही ते ज्या लांब पट्टीने छेडले जाते ती पट्टी. अरबीत तिला ‘रीशा’, म्हणजे पीस, म्हणतात. तुर्की वादक तिला ‘मिझराप’ म्हणतात, आणि आपल्या सतारवादकांची मिझराब हा तोच शब्द आहे, ‘आघात करणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेला. मराठीत आपण तिला नखी म्हणतो. हा शब्द मला या कामात फार मोलाचा वाटतो, कारण रीशेसाठी सर्वांत चांगले ठरणारे शिंग आणि आपल्या बोटाचे नख ही दोन्ही केराटिन या एकाच द्रव्याची बनलेली असतात. नख भिजले की नरम पडते, फार कोरडे झाले की तडकते, कानशीने एका दिशेने घासले तर गुळगुळीत होते आणि घाईने कापले तर थराथरांनी सोलवटते. शिंगाचा स्वभावही हाच आहे, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक कृती या स्वभावावरच बेतलेल्या आहेत.

माझा ऊद मस्कतला नोकरी केलेल्या मामांनी आणलेला आहे. त्याच्यासोबत प्लास्टिकची एक पट्टी आली होती आणि दोन वर्षे मी तीच वापरली. प्लास्टिकने ऊद वाजत नाही असे मी म्हणणार नाही. कित्येक नामवंत वादक प्लास्टिकचीच रीशा वापरतात. परंतु शिंगाच्या पट्टीने पहिली तार छेडली तेव्हा आघाताचा ‘टक्’ असा आवाज मागे सरला आणि स्वर पुढे आला, आणि ज्याने हा फरक एकदा ऐकला त्याला परत मागे जाणे कठीण असते.

रीशेकडून काय हवे

उदाला सर्वसाधारणपणे ११ तारा असतात: पाच जोड्या आणि खर्जाची एक सुटी तार. वरच्या सप्तकातील तारा नायलॉनच्या असतात आणि खर्जाकडच्या तारांत रेशमाच्या वा नायलॉनच्या तंतूंवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. अरबी उदावर वाजणाऱ्या तारेची लांबी साधारण ६१ सेमी असते आणि तुर्की उदावर साधारण ५८.५ सेमी, आणि दोन्हींवर तारेचा ताण गिटारपेक्षा बराच कमी असतो. या सैल ताणामुळेच रीशेची निवड नाजूक होते. पट्टी फार जाड आणि कडक असेल तर ती तारेला छेडण्याऐवजी ढकलते आणि आवाज बोजड येतो. ती फार पातळ असेल तर तारेला लागून स्वतःच वाकते, मग खर्जाला जोर मिळत नाही आणि टोकाची टकटक स्वरापेक्षा मोठी ऐकू येते.

रीशा ११ ते १३ सेमी लांब आणि ६ ते ७ मिमी रुंद असावी. तिचा मागचा भाग मिटलेल्या बोटांच्या आत तळहातावर टेकतो, मधला भाग अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरला जातो आणि तिथून पुढे सुमारे तीन सेंटिमीटर टोक बाहेर येते. हालचाल मनगटातून होते, बोटांतून नव्हे, म्हणून रीशा म्हणजे मनगटाला जोडलेले एक लांबट बोट आहे असे समजून तिची जाडी ठरवावी. तळहातातील भाग १.२ मिमीच्या आसपास ठेवावा म्हणजे तो वाकत नाही, मधला भाग हळूहळू ०.९ मिमीपर्यंत उतरवावा आणि टोक ०.६ ते ०.७ मिमीवर थांबवावे. नवशिक्याने टोक ०.७ मिमी ठेवावे. पुढे हात बसला की प्रत्येकाचे माप वेगळे होते. माझे ठाम मत असे आहे की लवचीकपणा पट्टीच्या मधोमध पसरलेला असावा, टोकाशी एकवटलेला नसावा. फक्त शेवटचा अर्धा सेंटिमीटर पातळ केलेली रीशा दुकानात हाताने वाकवून पाहताना छान वाटते, पण द्रुत लयीत तिचे टोक तारेमागे रेंगाळते.

पीस

स्पेनमधील कोर्दोबाच्या दरबारात इ.स. ८२२ मध्ये पोहोचलेला झिर्याब हा मूळचा बगदादचा गायक-वादक. त्याने लाकडी नखी बाजूला ठेवून मोठ्या शिकारी पक्ष्याच्या पिसाचा देठ वापरायला सुरुवात केली आणि उदाला पाचवी तार चढवली, असे १७ व्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी सांगतो. या कथेतला ‘नस्र’ हा अरबी शब्द गरुड आणि गिधाड या दोघांनाही लावला जातो. ‘रीशा’ हे नाव या पिसाच्या परंपरेचेच आहे.

आपल्याकडे मात्र गरुडाचे वा गिधाडाचे पीस हा विषयच सोडून द्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे वन्य पक्ष्यांना आणि त्यांच्या अवयवांना संरक्षण आहे, आणि गच्चीवर आयते पडलेले घारीचे पीसही या कामासाठी उचलू नये. त्याची गरजही नाही, कारण पाळीव टर्कीच्या किंवा हंसबदकाच्या पंखातील मोठ्या पिसाचा देठ पुरेसा जाड असतो. नाताळाच्या सुमारास टर्की विकणाऱ्या कोंबडीवाल्याला आधी सांगून ठेवले तर तो पंखांची पिसे बाजूला ठेवतो. शेपटीची नकोत, पंखाच्या कडेची सर्वांत लांब पिसेच घ्यावीत.

ताजे पीस धुऊन वाळवावे, मग त्याची पोकळ नळी रात्रभर पाण्यात भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी जाड कढईत बारीक वाळू तापवावी, भडभुंजा फुटाण्यांसाठी तापवतो तशी, आणि विस्तव मंद करून नळी त्या वाळूत थोडा थोडा वेळ खुपसावी. कच्ची नळी दुधाळ दिसते. तिचा रंग निवळून ती काचेसारखी पारदर्शक झाली की ती पक्की झाली असे समजावे. त्यापुढे क्षणभरही ठेवू नये, नाहीतर ती फुगते आणि करपते. गरम असतानाच चमच्याच्या पाठीने टोकाकडचा भाग दाबून सपाट करावा. मग बोरू तासतात तशी तिरकी काप घेऊन खालची बाजू काढून टाकावी, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद जीभ उरते. देठाच्या उरलेल्या भागावरचे केस सोलून टाकावेत आणि तो तळहातात धरावा. पिसाचा आवाज हलका, खुला आणि अतिशय चपळ असतो. त्याचे आयुष्य मात्र थोडे असते, आणि रोज वाजवणाऱ्याला टोक वारंवार कापून नवे करावे लागते.

शिंग

इथे आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. सांबराच्या डोक्यावर असते ते वास्तविक हाड असते आणि दरवर्षी गळून पडते. म्हशीचे शिंग हे हाडाच्या गाभ्यावर चढलेले केराटिनचे आवरण असते आणि ते आयुष्यभर वाढते. सतारीच्या घोडीसाठी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीसाठी, पूर्वी सांबरशिंग वापरले जात असे. आता त्याचा व्यापार बेकायदा आहे आणि रीशेसाठी ते उपयोगाचेही नाही, कारण इतके पातळ केलेले हाड वाकत नाही, मोडते. जुन्या तुर्की मिझरापी ज्या कासवाच्या पाठीच्या असत, त्या समुद्री कासवाच्या वस्तूही अशाच वर्ज्य आहेत. चोरबाजारात जुना कंगवा म्हणून कासवपाठ समोर आली तरी तो मोह टाळावा. राहते ते म्हशीचे शिंग, आणि ते सर्वांत चांगले असल्यामुळे या निर्बंधांत आपले काही नुकसान होत नाही.

अख्खे शिंग घरी आणून उकळण्याच्या फंदात मुंबईच्या सदनिकेत कोणी पडू नये. वास शेजारच्या मजल्यापर्यंत जातो, आणि कच्च्या शिंगाची स्वच्छता हे जाणकाराचेच काम आहे. उत्तर प्रदेशातील संभल येथे शिंग आणि हाडांच्या वस्तूंचा मोठा व्यवसाय आहे, आणि हस्तकलेच्या प्रदर्शनांत शिंगाचे कंगवे, चमचे, सुरीच्या मुठीसाठी कापलेल्या सपाट पट्ट्या मिळतात. त्यांपैकी मुठीची पट्टी सर्वांत उत्तम. १२ सेमी किंवा त्याहून लांब, चार ते सहा मिमी जाड, दोन्ही बाजूंनी सपाट अशी पट्टी मागावी. वस्तू शिंगाची आहे की प्लास्टिकची हे पाहण्यासाठी विक्रेत्याच्या परवानगीने न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कानस मारून भुकटीचा वास घ्यावा. न्हाव्याच्या दुकानात केस जळाल्यासारखा वास आला तर शिंग, गोडसर रासायनिक वास आला तर नाही.

माझी पहिली रीशा मी कंगव्याच्या पाठीतून कापली होती, कारण ती आयती सपाट आणि लांब दिसली. तीन दिवस ती सुरेख वाजली. चौथ्या दिवशी वरच्या जोडीवर सलग द्रुत आघात करत असताना ती अंगठ्याजवळ आडवी तुटली, खडूसारखी, आणि तुटलेल्या कडेकडे भिंगातून पाहिल्यावर चूक कळली. शिंगात लाकडासारख्या रेषा असतात आणि त्या शिंगाच्या लांबीच्या दिशेने जातात. दात मजबूत राहावेत म्हणून त्या कंगव्याचे दात रेषांच्या दिशेने कापलेले होते, म्हणजे त्याच्या पाठीत रेषा आडव्या गेल्या होत्या. तेव्हापासून कोणताही तुकडा हाती आला की मी आधी त्याचा पृष्ठभाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडा घासतो, पाण्याचा थेंब पसरवतो आणि खिडकीजवळ तिरका धरतो. काळ्या शिंगातही बारीक तपकिरी धागे दिसतात. ते धागे रीशेच्या लांबीशी समांतर असलेच पाहिजेत. याच वेळी तुकड्याची कडही पाहावी, कारण शिंग कांद्यासारखे थरांनी वाढते. कडेला पांढुरकी रेघ किंवा केसाएवढी फट दिसली तर तो तुकडा तिथून सोलवटणार हे निश्चित समजून तो परत ठेवावा.

घडण

हत्यारे मोजकी लागतात: बारीक दातांचे पाते लावलेली हॅक-सॉ, एक सपाट कानस, पॉलिश पेपर १२० पासून १००० नंबरपर्यंत, जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर आणि पट्टी पकडायला छोटा शिकंजा. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हे सगळे एका फेरीत मिळते. पॉलिश पेपर पाण्यात चालणारा घ्यावा, कारण शिंग नेहमी ओले करूनच घासायचे आहे. कोरडी भुकटी श्वासात जाणे चांगले नाही. ओल्या कामात भुकटी उडत नाही आणि वासही कमी येतो. तरीही करवत चालवताना तोंडावर मास्क असावा आणि काम गॅलरीत करावे.

पट्टीवर पेन्सिलीने रीशेचा आकार आखावा. आखणी आठ मिमी रुंद ठेवावी, कारण करवत आणि कानस मिळून एक मिलिमीटर सहज खातात. आधी रुंदीचा तुकडा वेगळा करावा आणि मग तो शिकंज्यात उभा धरून दोन मिलिमीटर जाडीची चकती उतरवावी. हे दुसरे कापणे अवघड आहे. करवत तिरपी जाते, पाते तापते आणि तापलेले शिंग पात्याला चिकटू लागते. म्हणून दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी थांबून पाण्याचे दोन थेंब सोडावेत आणि तुकडा उलटा करून दुसऱ्या टोकाकडून कापत यावे, म्हणजे दोन्ही काप मध्ये भेटतात. चकती थोडी वेडीवाकडी निघाली तरी हरकत नाही.

उतरवलेली चकती बहुधा किंचित वाकलेली असते. ती उकळत्या पाण्यात दहा ते पंधरा मिनिटे ठेवावी, चिमट्याने काढावी आणि लगेच दोन गुळगुळीत फरशांच्या मध्ये ठेवून वर पाटा किंवा तितकेच वजन ठेवावे. शिंग थंड होईपर्यंतच नव्हे, तर दुसऱ्या दिवसापर्यंत दाबलेले राहू द्यावे; लवकर काढले तर ते जुन्या वळणावर परत जाते. गॅसच्या ज्योतीवर थेट तापवण्याचा शॉर्टकट घेऊ नये. ज्योतीने पृष्ठभागाखाली बुडबुडे येतात, आणि असे करपलेले शिंग वाकवताच तडकते.

यानंतरचे काम म्हणजे जाडी उतरवणे, आणि रीशेचा आवाज इथेच ठरतो. काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पेपर चिकटवावा, पाणी शिंपडावे आणि पट्टी त्यावर बोटांनी दाबून लांबीच्या दिशेने ओढावी. आडवे घासू नये, त्याने आडवे ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे मोडण्याची एक जागा असते. आधी पूर्ण पट्टी १.२ मिमीवर आणावी. मग तळहाताकडचा चार सेंटिमीटरचा भाग सोडून पुढच्या भागावरच दाब द्यावा, आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी तीन ठिकाणी कॅलिपर लावावा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. ओले शिंग असते त्यापेक्षा पातळ भासते. उतार एकाच बाजूने काढला तरी चालतो, मला तो दोन्ही बाजूंनी समान काढणे आवडते, कारण टोक झिजल्यावर पट्टी उलटी धरून वापरता येते.

टोकाचा आकार अंगठ्याच्या नखासारखा, पण अरुंद, असावा. तारांच्या जोडीतील दोन्ही तारा एकाच क्षणी वाजल्या पाहिजेत, म्हणून टोकाची रुंदी तीन-चार मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. टोकदार रीशा जोडीतील एकाच तारेला धरते आणि दुसरीला ओझरती लागते. कोपरे राहिले तर खर्जाच्या गुंडाळलेल्या तारांवर खरखर ऐकू येते, म्हणून ४०० नंबरच्या पेपरने कडा गोल कराव्यात, मग ८०० आणि १००० ने फक्त पुढच्या तीन सेंटिमीटरला झिलई द्यावी. शेवटी सुती कापडावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन टोक घासले की ते चकाकते. अंगठ्याखालची आणि तळहातातील जागा मात्र मुद्दाम खरबरीत, २२० नंबरवरच सोडावी. मुंबईच्या घामट हवेत चकचकीत रीशा बोटांतून सुटते.

कान लावून तपासणी

टोक ०.८ मिमीवर असतानाच पहिल्यांदा वाजवून पाहावे, कारण घासलेले परत लावता येत नाही. आधी खर्जाची सुटी तार सावकाश छेडावी आणि स्वर विरेपर्यंत ऐकावा. मग मधल्या जोडीवर वरखाली समान आघात करावेत. येणारा आघात जाणाऱ्यापेक्षा बारीक ऐकू आला तर टोकाची एक बाजू अधिक धारदार राहिली आहे. शेवटी सर्वांत वरच्या जोडीवर एक मिनिट सलग द्रुत आघात करावेत. मनगट त्यापूर्वीच थकले तर पट्टी अजून कडक आहे, आणि टकटक स्वरावर चढली तर ती पातळ झाली आहे. फोन एक मीटर अंतरावर ठेवून ध्वनिमुद्रण करावे, कारण वादकाच्या कानापाशी टोकाचा आवाज असतो त्यापेक्षा मोठा येतो. बदल हवा असेल तर ८०० नंबरवर पाच-सहा फेऱ्या, आणि परत उदाकडे. मी एका रीशेसाठी अशा बारा-पंधरा येरझारा घालतो आणि त्यातला एकही वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

करवंटी आणि बांबू

सरोदवादकांचा जवा, म्हणजे त्यांची नखी, नारळाच्या करवंटीचा असतो, त्यामुळे कोकणात आणि मुंबईत हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच. करवंटीचा आवाज भरीव आणि स्पष्ट असतो, परंतु तिच्या वळणामुळे चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लांब सपाट तुकडा निघत नाही. जव्यासाठी तेवढे पुष्कळ झाले; रीशेच्या लांब पकडीसाठी ते अपुरे पडते. मी करवंटीचे टोक बांबूच्या दांडीला चिकटवून पाहिले, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो सांधा उघडला.

बांबू मात्र शिकण्यासाठी अवश्य घ्यावा. बुरडाकडून वाळलेल्या बांबूची कांब आणावी, हिरव्या सालीकडचा दीड मिलिमीटरचा कठीण थर ठेवून आतला मऊ भाग चाकूने काढून टाकावा आणि सालीची बाजू न घासता फक्त आतून जाडी उतरवावी. आवाज कोरडा येतो आणि काही आठवड्यांत टोकाचे तंतू सुटतात. परंतु तासाभरात एक रीशा तयार होते आणि खर्च जवळजवळ नसतो, त्यामुळे आपल्या हाताला कोणती लांबी आणि कोणता उतार मानवतो हे शिंग कापण्यापूर्वी बांबूवर ठरवून घेता येते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा इतकी दमट असते की शिंग आणि पीस दोन्ही ओल धरतात. पट्टी नरम पडते, आवाज दबतो, आणि उघड्यावर ठेवलेली रीशा चार दिवसांत होडीसारखी वळते. वाजवून झाल्यावर घाम पुसून ती दोन काचपट्ट्यांच्या मध्ये रबरबँडने बांधावी आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. वळलीच तर पुन्हा गरम पाणी आणि पाटा, एवढाच उपाय आहे. बोटांनी उलट वाकवून सरळ करू नये. हिवाळ्यात, किंवा रोज वातानुकूलित खोलीत सराव होत असेल तर, उलट त्रास होतो आणि कडा तडकू लागतात. तेव्हा महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा एकच थेंब पूर्ण पट्टीवर चोळून तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून टाकावा.

मी पावसाळ्यासाठी वेगळी रीशा ठेवतो, टोकाशी ०.७५ मिमीची. दमट हवेत ती नरम पडून बरोबर हवी तशी होते, आणि दसऱ्यानंतर ती कडक वाटू लागली की डब्यात जाते आणि ०.६५ मिमीची बाहेर येते. दोन्हींच्या मागच्या टोकावर सुईने एक आणि दोन ठिपके कोरलेले आहेत, म्हणजे अंधुक उजेडातही बोटाला ओळखू येतात.